कन्सोलवर गेम इन्स्टॉल होताना अडला तर काय करावे : नव्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

डिस्क आत सरकवली किंवा ऑनलाइन स्टोअरमधून गेम विकत घेतला, पडद्यावरची पट्टी सरकू लागली आणि मध्येच थांबून आकड्यांचा एखादा संदेश आला, की बहुतेक जण वैतागून सगळा गेम पुसून टाकतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. हा उपाय कधी कधी लागू पडतो, हे खरे. पण मूळ कारण अपुरी जागा, डिस्कवरचा डाग किंवा भलतेच खाते यांपैकी असेल, तर दुसऱ्या खेपेलाही गेम त्याच ठिकाणी येऊन अडतो आणि मधले कित्येक तास फुकट जातात. म्हणून या लेखातील पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने लावल्या आहेत: ज्यांत काहीही गमावण्याची भीती नाही ते उपाय आधी, आणि ज्यांत साठवलेली माहिती पुसली जाते ते अगदी शेवटी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर इन्स्टॉल पुन्हा करून पाहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काम झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

येथे प्लेस्टेशन ४ व ५, एक्सबॉक्स वन व सिरीज एक्स आणि एस, तसेच निन्टेंडो स्विच यांचा विचार केला आहे. मेनूंची इंग्रजी नावे देवनागरीत दिली आहेत. सिस्टम अपडेटनंतर एखादे नाव बदललेले किंवा शेजारच्या पानावर सरकलेले आढळू शकते.

## हाताशी काय असावे

- ज्या खात्यावर गेम विकत घेतला त्याचा ईमेल आणि पासवर्ड. दुहेरी पडताळणी चालू असेल तर कोड येणारा फोनही
- कन्सोलसोबत आलेली यूएसबी केबल (केवळ चार्जिंगपुरती असलेली स्वस्त केबल सेफ मोडमध्ये, म्हणजे पायरी ८ मधील दुरुस्तीच्या मर्यादित मेनूत, उपयोगी पडत नाही)
- एक लॅन केबल
- चष्मा पुसण्यासाठी वापरतात तसले मऊ, धागे न सुटणारे कापड
- एक रिकामा पेन ड्राइव्ह, आणि तो फॉरमॅट करण्यासाठी संगणक
- खरेदीची पावती आणि कन्सोलचा सिरियल नंबर. यांची गरज बहुधा पडणार नाही, पण पडली तर ऐन वेळी शोधाशोध होते

## पायरी १ : गाडी नेमकी कुठे अडली ते ठरवा

पडद्यावरचा संदेश आला तसा पुसून टाकू नये. आधी फोनने त्याचा फोटो काढावा, कारण कोडमधला एक आकडा जरी चुकला तरी शोध भलतीकडे जातो. त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: काम कोणत्या टप्प्यावर थांबले?

टप्पे चार आहेत. पहिला, इंटरनेटवरून गेम उतरवण्याचा. दुसरा, डिस्कवरून तो कन्सोलच्या आतील साठ्यात उतरवून घेण्याचा. तिसरा, उतरलेल्या फायली तपासून, उलगडून जागच्या जागी बसवण्याचा. प्लेस्टेशन ४ वर अपडेटच्या वेळी जी ‘कॉपीइंग’ची पट्टी दिसते ती याच टप्प्यातली. चौथा, गेम पूर्ण बसल्यानंतर तो उघडण्याचा परवाना तपासण्याचा. पहिल्या टप्प्याचा दोष डिस्क पुसून जात नाही आणि चौथ्याचा दोष राउटर बदलून जात नाही, हे उघड आहे. तरीही मदत मागणाऱ्यांना सर्रास हेच उपाय सुचवले जातात, कारण टप्पा कोणता हे कोणी विचारतच नाही.

कोडचा अर्थही या टप्प्यांशी ताडून पाहावा. उदाहरणार्थ, प्लेस्टेशन ४ वरील सीई-३४८७८-० हा कोड चालू असलेला गेम किंवा ॲप कोसळल्याचा आहे, म्हणजे गेम बसलेला आहे आणि अडचण त्यापुढची आहे. कोडचा अधिकृत अर्थ कंपनीच्या मदत पानावरच पाहावा. ‘हा कोड हमखास घालवा’ असे सांगणारे व्हिडिओ बहुधा सगळ्या कोडांना एकच औषध देतात.

## पायरी २ : सेवा चालू आहे का ते पाहा आणि कन्सोल खरोखर बंद करा

तिन्ही कंपन्या आपापल्या ऑनलाइन सेवांची सद्यस्थिती दाखवणारे पान चालवतात. स्टोअर किंवा खाते-सेवा बंद असल्याचे तेथे दिसले, तर काहीही न करता थांबणे हाच योग्य उपाय आहे. अशा वेळी सेटिंग्जमध्ये केलेले फेरफार पुढे निराळीच डोकेदुखी होऊन बसतात.

सेवा ठीक असेल तर कन्सोल पूर्ण बंद करून सुरू करावे. येथे नवखे हमखास फसतात: रेस्ट मोड किंवा स्लीप म्हणजे बंद करणे नव्हे. प्लेस्टेशनवर नारिंगी दिवा स्थिर जळत असेल तर कन्सोल रेस्ट मोडमध्ये आहे, आणि त्या अवस्थेत वायर उपटल्यास चालू असलेली फाइल अर्धवट राहून साठा बिघडू शकतो. मेनूतून ‘टर्न ऑफ’ निवडावे, दिवा पूर्ण विझू द्यावा आणि मगच प्लग काढावा. एक्सबॉक्सवर पुढचे बटण सुमारे १० सेकंद दाबून धरल्यास तो पूर्ण बंद होतो. दोन्ही ठिकाणी प्लग अर्धा मिनिट बाहेर ठेवून पुन्हा लावावा. रांगेत ‘क्यूड’ म्हणून खोळंबलेले इन्स्टॉल बऱ्याचदा एवढ्यानेच मार्गी लागते.

त्याच बैठकीत तारीख आणि वेळ पाहून घ्यावी व ती इंटरनेटवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवावा. घड्याळ बरेच मागे-पुढे असेल तर सर्व्हरशी होणारी सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि संदेश मात्र काहीतरी तिसराच दिसतो. सिस्टम अपडेट बाकी असेल तर तेही आधी उरकावे.

## पायरी ३ : जागा मोजा, आणि ती मोकळेपणाने मोजा

खोक्यावर छापलेली साठवण आणि प्रत्यक्ष हाती येणारी साठवण यांत बरेच अंतर असते. पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबीचा साठा होता, पण गेमसाठी सुमारे ६६७ जीबीच उरतात. १ टीबीच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर सुमारे ८०२ जीबी, तर ५१२ जीबीच्या सिरीज एसवर सुमारे ३६४ जीबी वापरता येतात. मूळ स्विचमध्ये तर एकूणच ३२ जीबी आहेत आणि त्यातून सिस्टमचा वाटा जातो. उरलेली जागा सिस्टम, तिचे अपडेट आणि तात्पुरत्या फायली यांसाठी राखलेली असते. ती कितीही खटपट केली तरी मोकळी होत नाही.

खरी गोम पुढे आहे. गेमच्या पानावर ‘८० जीबी’ लिहिलेले असते, तुमच्याकडे ८५ जीबी मोकळे असतात, आणि तरीही कन्सोल जागा नाही म्हणतो. याचे कारण असे की अपडेट लावताना जुन्या फायली लगेच पुसल्या जात नाहीत. नवी प्रत तयार होऊन तपासली जाईपर्यंत जुनी प्रत जागेवर ठेवली जाते. प्लेस्टेशन ४ वर हा प्रकार विशेष जाचक आहे: अपडेट दोन जीबीचे असले तरी त्याच्या कॉपीच्या वेळी गेमच्या मूळ आकाराइतकी आणखी जागा लागू शकते. त्यामुळे प्लेस्टेशन ४ वर गेमच्या आकाराच्या जवळजवळ दुप्पट जागा मोकळी ठेवावी, आणि इतर कन्सोलवरही चांगली ऐसपैस जागा सोडावी.

जागा करताना सर्वांत मोठा, सध्या न खेळला जाणारा एकच गेम काढावा. दहा छोटे काढत बसू नये. गेम काढल्याने त्यातील प्रगती पुसली जाते ही भीती मात्र अनाठायी आहे. या सर्व कन्सोलवर सेव्ह डेटा वेगळा ठेवला जातो आणि गेम काढल्यावरही तो राहतो. ‘सेव्ह्ड डेटा’ नावाच्या यादीत शिरून काही पुसले तरच तो जातो, म्हणून त्या यादीकडे जागा शोधायला जाऊच नये. तेथे मिळणारी जागा नगण्य असते आणि नुकसान भरून न येणारे. कॅप्चर गॅलरीतले जुने व्हिडिओ मात्र खुशाल काढावेत.

## पायरी ४ : डिस्कवरून इन्स्टॉल होत असेल तर

कान देऊन ऐकावे. निरोगी ड्राइव्ह डिस्क घेतल्यावर वेग पकडतो आणि बराच वेळ एकसारखा घुमत राहतो. वाचन अडखळत असेल तर घुमणे थांबते, एक बारीक टक् असा आवाज येतो, पुन्हा वेग घेतला जातो आणि पुन्हा थांबतो; पट्टी तेवढा वेळ एकाच टक्क्यावर खिळलेली असते. हा आवाज आला म्हणजे दोष इंटरनेटचा नाही, एवढे निश्चित समजावे.

या गेमांच्या डिस्का ब्लू-रे प्रकारच्या असतात, आणि ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिमी खोल असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिमी आणि सीडीत सुमारे १.२ मिमी खोल असतो. ब्लू-रेवर कठीण लेप असतो म्हणून ती सहज ओरखडत नाही, पण बोटांचे ठसे आणि तेलकट डाग तिला जास्त नडतात, आणि खोल चरा गेल्यास ती घासून दुरुस्त करण्याइतकी जाडीच शिल्लक नसते. त्यामुळे टूथपेस्टने डिस्क घासण्याचा जुना सल्ला येथे उपयोगाचा तर नाहीच, उलट घातक आहे. मऊ कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल फिरवून पुसू नये, कारण वर्तुळाकार चरा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि सलग मोठा भाग वाचेनासा करतो.

पुसूनही अडले तर दुसरी एखादी डिस्क घालून पाहावी. दुसरी चालली तर पहिलीत दोष. एकही चालली नाही तर ड्राइव्ह संशयित. गेम दोन डिस्कांवर आला असेल तर ‘डेटा डिस्क’ आधी आणि ‘प्ले डिस्क’ नंतर, हा क्रम खोक्यावर पाहून घ्यावा. प्लेस्टेशन ५ च्या स्लिम मॉडेलला वेगळा जोडायचा डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा लावताना इंटरनेट जोडणी असणे आवश्यक असते. त्याविना तो डिस्क स्वीकारत नाही.

डिस्क स्वच्छ असूनही इन्स्टॉल थांबत असेल, तर कन्सोल इंटरनेटपासून तोडून पाहावे. जोडणी चालू असताना कन्सोल डिस्क वाचता वाचताच अपडेटही उतरवू लागतो, आणि त्या गोंधळात दोन्ही कामे अडतात. क्रम असा ठेवावा:

1. अर्धवट इन्स्टॉल रद्द करून डिस्क बाहेर काढावी आणि अपुऱ्या अपडेटची नोंद डाउनलोडच्या यादीतून काढून टाकावी.
2. नेटवर्क सेटिंग्जमधून इंटरनेट बंद करावे (एक्सबॉक्सवर ‘गो ऑफलाइन’) आणि कन्सोल पुन्हा सुरू करावे.
3. डिस्क घालून इन्स्टॉल पूर्ण होऊ द्यावे.
4. मग इंटरनेट जोडून अपडेट घ्यावे.

एक्सबॉक्सवर ‘इन्स्टॉलेशन स्टॉप्ड’ हा संदेश वारंवार येत असेल, तर स्टोरेजच्या मेनूतील ‘क्लिअर लोकल सेव्ह्ड गेम्स’ हा पर्याय वरच्या यादीतील क्रमांक १ चे काम झाल्यावर वापरता येतो. सेव्ह क्लाउडवर असतात आणि पुढच्या वेळी परत उतरतात, परंतु ऑफलाइन खेळून जी प्रगती अजून क्लाउडवर चढलेली नाही ती या पर्यायाने कायमची जाते. म्हणून त्याआधी इंटरनेट जोडून अलीकडे खेळलेले गेम एकदा उघडून बंद करावेत.

हा ऑफलाइन मार्ग सगळीकडे चालत नाही. जुन्या एक्सबॉक्स आणि एक्सबॉक्स ३६० च्या डिस्का नव्या एक्सबॉक्सवर केवळ किल्लीचे काम करतात; गेम इंटरनेटवरूनच उतरतो. स्विच २ साठी निघालेली ‘गेम-की कार्ड’ही तशीच असतात. तेथे इंटरनेट तोडले तर काहीच होणार नाही.

## पायरी ५ : डाउनलोड रखडत असेल तर

आधी गणित करून पाहावे. ५० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी १०० जीबीचा गेम उतरायला साधारण साडेचार तास लागतात. तेव्हा एका तासात पट्टी वीस-बावीस टक्क्यांवर असेल तर बिघाड काही नाही, थांबण्याची गरज आहे.

वेग खरोखरच कमी असेल तर चालू असलेला गेम पूर्ण बंद करावा. विशेषतः एक्सबॉक्सवर गेम चालू असताना डाउनलोडचा वेग मुद्दाम कमी ठेवला जातो. नंतर लॅन केबल लावून कन्सोलमधील नेटवर्क चाचणी पुन्हा घ्यावी. केबलने वेग सुधारला तर दोष वायफायचा आहे आणि कन्सोलला हात लावण्याचे कारण उरत नाही. डीएनएस, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलण्याचा सल्ला फार दिला जातो. नावांचा शोधच अयशस्वी होत असेल तेव्हा तो उपयोगी पडतो, एरवी त्याने फारसे काही साधत नाही असे माझे मत आहे.

## पायरी ६ : गेम बसला, पण कुलूप दिसते

गेमच्या चित्रावर कुलपाची खूण असेल, तर फायली जागेवर आहेत आणि परवाना सापडत नाही, असा अर्थ घ्यावा. येथे गेम पुन्हा उतरवणे म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. आधी खरेदी केलेल्या खात्यानेच लॉगिन केले आहे ना, ते पाहावे. घरात दोन-तीन खाती असली की हाच घोळ होतो. प्लेस्टेशन ५ वर ‘युजर्स अँड अकाउंट्स’ मधील ‘अदर’ खाली ‘रिस्टोअर लायसेन्सेस’ हा पर्याय आहे. प्लेस्टेशन ४ वर तो ‘अकाउंट मॅनेजमेंट’ मध्ये मिळतो. एकाने विकत घेतलेला गेम दुसऱ्याला स्वतःच्या खात्यावरून खेळायचा असेल तर प्लेस्टेशन ४ वर ते कन्सोल खरेदीदाराचे ‘प्रायमरी’ असावे लागते, प्लेस्टेशन ५ वर ‘कन्सोल शेअरिंग’ चालू असावे लागते, आणि एक्सबॉक्सवर ते त्याचे ‘होम’ कन्सोल असावे लागते.

प्लेस्टेशनवर आणखी एक सापळा आहे. डिस्क एका प्रदेशाची आणि खाते दुसऱ्या प्रदेशाचे असेल तर मूळ गेम व्यवस्थित चालतो, पण त्या खात्याच्या स्टोअरमधून घेतलेली जादा सामग्री त्या गेमला जोडली जात नाही. खोक्याच्या कडेवरील क्रमांक (प्लेस्टेशन ४ साठी तो ‘सीयूएसए’ या अक्षरांनी आणि ५ साठी ‘पीपीएसए’ने सुरू होतो) जादा सामग्री विकत घेण्यापूर्वीच जुळवून पाहावा.

## पायरी ७ : बाहेरचा ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड

प्लेस्टेशन ५ चे गेम यूएसबी ड्राइव्हवर साठवता येतात, परंतु तेथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र खेळता येतात. सिरीज एक्स आणि एस यांसाठीच बनवलेल्या गेमांना आतील एसएसडी किंवा अधिकृत एक्सपान्शन कार्डच लागते. त्यामुळे इन्स्टॉलचे ठिकाण ‘यूएसबी’ असे ठरवून ठेवले असेल तर आधी ते बदलावे. ड्राइव्ह यूएसबी हबमधून न लावता थेट कन्सोलला लावावा. बाहेरचा ड्राइव्ह काढून आतील साठ्यावर तोच गेम बसला, तर गुन्हेगार सापडला.

स्विचवर संशय कार्डावर घ्यावा, कारण बनावट मायक्रोएसडी कार्डे छापील क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी माहिती धरतात आणि त्यापुढच्या फायली मुकाट्याने बिघडवतात. गेमवर उभे राहून प्लस बटण दाबावे, ‘मॅनेज सॉफ्टवेअर’ आणि मग ‘चेक फॉर करप्ट डेटा’ निवडावे. केवळ बिघडलेला भाग पुन्हा उतरतो. स्विच २ वर गेमसाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचेच कार्ड चालते, जुने चालत नाही.

## पायरी ८ : प्लेस्टेशनचा सेफ मोड

कन्सोल पूर्ण बंद असताना पॉवर बटण दाबून धरावे. पहिला बीप लगेच येतो. दुसरा सुमारे सात सेकंदांनी येतो, तो आल्यावर बोट उचलावे. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून पीएस बटण दाबले की यादी दिसते. तुम्हाला हवा आहे तो पाचवा पर्याय: प्लेस्टेशन ४ वर ‘रीबिल्ड डेटाबेस’, प्लेस्टेशन ५ वर ‘क्लिअर कॅशे अँड रीबिल्ड डेटाबेस’. यात गेम आणि सेव्ह पुसले जात नाहीत. साठ्यातील सामग्रीची नोंदवही नव्याने लिहिली जाते. सामग्री बरीच असेल तर या कामाला काही तास लागू शकतात आणि मध्येच वीज तोडायची नसते, म्हणून ते निवांत वेळी सुरू करावे.

सहावा आणि सातवा पर्याय पाचव्याच्या अगदी खाली आहेत आणि ते सर्व काही पुसतात. बटण दाबण्यापूर्वी ओळ पुन्हा एकदा वाचावी.

सिस्टम अपडेटच इंटरनेटवरून लागत नसेल तर तिसरा पर्याय पेन ड्राइव्हवरून अपडेट घेऊ देतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, त्यात ‘पीएस५’ (किंवा ‘पीएस४’) आणि त्याच्या आत ‘अपडेट’ असे फोल्डर इंग्रजी मोठ्या अक्षरांत करावेत आणि अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेली फाइल आत ठेवावी. फाइल दोनदा उतरवली असेल तर ब्राउझर तिच्या नावापुढे कंसात आकडा जोडतो. तेवढ्या कारणानेही कन्सोल ती ओळखत नाही.

## पायरी ९ : पुसून पुन्हा बसवणे, आणि त्यानंतर

एवढे सगळे झाल्यावर मगच गेम काढून नव्याने उतरवावा. तोही उपाय फसला तर एक्सबॉक्सवर ‘रिसेट अँड कीप माय गेम्स अँड ॲप्स’ हा सौम्य पर्याय आधी घ्यावा. प्लेस्टेशनवर रिसेटपूर्वी सेव्ह सुरक्षित ठेवावेत: प्लेस्टेशन ४ चे सेव्ह यूएसबीवर उतरवता येतात, प्लेस्टेशन ५ च्या गेमांचे सेव्ह मात्र एकेक करून यूएसबीवर जात नाहीत. त्यांच्यासाठी प्लेस्टेशन प्लसचा क्लाउड किंवा ‘बॅक अप अँड रिस्टोअर’ने घेतलेली संपूर्ण प्रत, एवढेच मार्ग आहेत. स्विचवर सेव्ह कार्डात नसून कन्सोलच्या आत असतात, हेही ध्यानात ठेवावे.

रिसेटनंतर एकही गेम बसत नसेल तर साठा किंवा ड्राइव्ह निकामी झाला असण्याची शक्यता मोठी आहे. वॉरंटी शिल्लक असताना कन्सोल स्वतः उघडू नये. सेवा केंद्राकडे जाताना कोडचा फोटो, सिरियल नंबर, पावती आणि करून पाहिलेल्या पायऱ्यांची यादी सोबत न्यावी. यादी नसेल तर तेच प्राथमिक उपाय तेथे पुन्हा करायला लावले जातात. कन्सोल सोपवण्यापूर्वी डिस्क बाहेर काढावी आणि स्वतः बसवलेले कार्ड किंवा एसएसडी उतरवून ठेवावे. डिस्क आत अडकली असेल तर चिमट्याने ओढू नये, दुरुस्तीच्या अर्जावरच तिची नोंद करून घ्यावी.